पहिला सरडा कोणता आणावा?

ह्या महिन्याच्या टपालांत नाशिकच्या एका वाचकभगिनीचें चार पानी पत्र आलें आहे. अक्षर इतकें सुवाच्य आणि ऱ्हस्वदीर्घ इतके बिनचूक, कीं पस्तीस वर्षें वह्या तपासण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास तें वाचतांना लाल पेन्सिलीची आठवणसुद्धां झाली नाहीं. पत्रांतील पेच असा: बाईंचे चिरंजीव अमेरिकेंत शिकागो शहराजवळ सहकुटुंब राहतात. नातू अकरा वर्षांचा. गेल्या वर्षीं त्याची मुंज नाशिकच्या घरीं झाली, आणि त्या दिवशींच्या आनंदाच्या भरांत आजोबा नातवास "तुला काय हवें तें माग" असें बोलून गेले. मुलानें आंगठी मागितली नाहीं, कीं घड्याळ मागितलें नाहीं. त्यानें मागितला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा! आजोबा वचनास बांधले गेले. सूनबाईंचें म्हणणें असें, कीं सरडा एक वेळ येऊं द्या, पण त्याच्या जेवणाकरितां रातकिडे आणि झुरळें घरांत सांभाळणें आपल्याच्यानें होणार नाहीं. इकडे नाशिकास धाकट्या दिरांच्या नातवानें निराळाच हट्ट धरला आहे: दादाला विकतचा आणणार, तर मला आपल्या मळ्यांतला धरून द्या. "हें खूळ मुळांतच मोडून काढावें काय?" असें बाई विचारतात, "आणि पुरवावयाचें ठरलेंच, तर पहिल्याप्रथम कोणत्या जातीचा सरडा घ्यावा?"

हंसण्यावारी नेण्याजोगा हा प्रश्न नव्हे. एका मुलाच्या हातीं एक जीव सोंपवावयाचा आहे. आणि जीवही असा, कीं तो दुखलें तरी ओरडत नाहीं, भूक लागली तरी मागत नाहीं. विषय आम्हांस अगदींच अपरिचित आहे असेंही नाहीं. आमच्या कन्येचें बिऱ्हाड टेक्सस राज्यांतील ऑस्टिन शहरीं आहे. २०२३ सालीं तेथें आम्हीं सहा महिने मुक्काम केला, तेव्हां घरांत आमच्याखेरीज आणखी एक मौनव्रती गृहस्थ होते. येमेनी जातीचा तो नर सरडा तीन वर्षांचा होता. कोणी जवळ गेलें कीं तो अंग चापट करी, तोंड वासून फुत्कारे आणि हिरव्याचा काळपट होऊन जाई. तो स्वभाव पाहून आम्हीं त्याचें नांव 'दुर्वास' असें ठेविलें, तें घरांत रूढही झालें. सहा महिने रोज सकाळीं चहाचा पेला घेऊन त्याच्यासमोर बसण्याचा आमचा परिपाठ होता. आणि जांवयांच्या कपाटांत ह्या विषयावरील जीं पुस्तकें होतीं, तीं आम्हीं सगळीं वाचून काढलीं. पेन्शनरास वेळेची काय वाण!

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. आपल्या कुंपणावर बसून मान खालींवर करणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल करणारा जो सरडा आपण रोज पाहतों, तो शॅमेलिऑन नव्हे. अमरकोशांत सरट आणि कृकलास हीं नांवें शेजारीं शेजारीं दिलेलीं आहेत, पण तेथेंही हा भेद केलेला नाहीं. खरा शॅमेलिऑन आपल्याकडे एकाच जातीचा आहे. त्यास कोणी घोयरा म्हणतात, कोणी सरडगुहिरा. तो झाडावर राहतो. त्याचें अंग दोन्ही बाजूंनीं चेपल्यासारखें, शेंपटी घड्याळाच्या कमानीप्रमाणें गुंडाळलेली, आणि पायांचीं बोटें दोन व तीन अशीं जुळून त्यांचा चिमटा झालेला असतो. दोन डोळे दोन दिशांस स्वतंत्रपणें फिरतात, आणि जीभ अंगाच्या लांबीहूनही पुढें फेंकतां येते. जगांत ह्या कुळाच्या दोनशेंहून अधिक जाती असून त्यांतील निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्कर बेटावर आहेत.

रंगाविषयींही आपल्या भाषेनें त्या बिचाऱ्यावर अन्याय केला आहे. स्वार्थासाठीं पक्ष बदलणाऱ्यास आपण सरड्याची उपमा देतों, जणू कांहीं तो ज्या पानावर बसेल त्या पानाचा रंग घेऊन लोकांस फसवितो. वस्तुस्थिति तशी नाहीं. त्याचा रंग मुख्यतः त्याच्या मनाचा आणि अंगांतील उष्णतेचा निदर्शक असतो. थंडी वाजत असली म्हणजे तो काळसर होऊन ऊन शोषून घेतो. प्रतिस्पर्धी दिसला म्हणजे भडक होतो. निजला म्हणजे फिकट पडतो. जिनीव्हा येथील विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें, कीं त्याच्या कातडींतील विशिष्ट पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांच्या ओळी असतात. जनावर शांत असतां त्या ओळी जवळजवळ असतात व निळाहिरवा प्रकाश परततो. खवळलें म्हणजे त्या दूर सरकतात व पिवळा, तांबडा प्रकाश परततो. ज्यास आपण ढोंग म्हणतों, तें त्याचें उघड बोलणें आहे. सरडा पाळणाऱ्यानें शिकावयाची पहिली भाषा हीच. दिवसाढवळ्या तो काळपट राहूं लागला, तर मालकाचें कांहीं चुकत आहे असें समजावें.

आतां नाशिकच्या छोट्या अर्जदाराचा निकाल आधीं लावूं, कारण तो सोपा आहे. मळ्यांतला घोयरा धरून आणतां येणार नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण दिलेलें आहे. त्यास धरणें, पिंजऱ्यांत ठेवणें, विकणें हा गुन्हा आहे. परदेशी जातीचा सरडा पुण्यामुंबईस कोणी विकावयास काढला, तरी तोही भाजी घेतल्यासारखा घेऊन येतां येत नाहीं. ह्या कुळांतील बहुतेक जाती सायटिस नामक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत आहेत. आपल्या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली व २०२४ सालीं नियम झाले. त्यांप्रमाणें असा प्राणी बाळगणारास सरकारीं नोंद करावी लागते. कागदपत्र नसलेला प्राणी चोरून आणलेला असण्याचाच संभव फार, आणि आपल्या घरांत तसली वस्तु नको.

ह्या ठिकाणीं भागवताच्या दशमस्कंधांतील नृग राजाची कथा आठवते. यादवांच्या मुलांस खेळतां खेळतां एका कोरड्या विहिरींत प्रचंड सरडा दिसला. दोऱ्या लावून त्यांस तो निघेना, तेव्हां श्रीकृष्णानें डाव्या हातानें त्यास वर काढलें. आणि तो सरडा नव्हता, शापित नृग राजा होता. त्याचा अपराध काय? लक्षावधि गाई दान करणाऱ्या त्या राजाच्या कळपांत दुसऱ्या ब्राह्मणाची एक गाय चुकून मिसळली, आणि जी वस्तु आपली नव्हे ती त्यानें नकळत दान दिली. सरडा विकत घेणाऱ्यानें ही कथा विसरूं नये. विकणारा जो जीव देत आहे तो त्याचा आहे काय? रानांतून ओरबाडलेला आहे, कीं त्याच्या घरीं अंड्यांतून निघालेला आहे? शिकागोस जातीची निवड करतांना पहिला प्रश्न हाच विचारावयाचा. (नाशिकच्या आजोबांनीं जें दान कबूल केलें, त्यांतही सूनबाईंचें घर व सूनबाईंचे श्रम मिसळलेले आहेत, हें त्यांच्या ध्यानांत येईलच.)

रानांतून धरलेल्या सरड्याच्या अंगांत बहुधा जंत व इतर परोपजीवी असतात. पकडण्यांत, कोंडण्यांत आणि विमानाच्या प्रवासांत पाण्यावांचून तो सुकून गेलेला असतो. रानांत असतां तेच जंत त्यास फारसे जाचत नाहींत. पिंजऱ्याच्या धास्तीनें शक्ति खचली कीं तेच प्राण घेतात. ऑस्टिनला आमच्या कन्येच्या ओळखीच्या एका कुटुंबानें मुलीच्या वाढदिवसाला सेनेगाली जातीचा सरडा आणला होता. स्वस्त, लहान, दिसावयास शांत. तो शांत नव्हता, आजारी होता. दिवसां डोळे मिटून बसे आणि मुलीस वाटे कीं तो झोपाळू आहे. पांचव्या आठवड्यांत तो गेला. दुकानदारानें सांगितलें होतें, कीं नवशिक्यांसाठीं हीच जात उत्तम! त्या मुलीनें पुढें कित्येक दिवस रिकाम्या पिंजऱ्यांतील झाडास पाणी घालणें सोडलें नाहीं. सेनेगाली सरडे विक्रीस येतात ते पुष्कळदां रानांतून आणलेले असतात. म्हणून कमी किंमतीवर जाऊन पहिली जात ठरवूं नये.

राहिल्या तीन जाती, ज्या पाळणाऱ्यांच्या घरीं नेमानें पैदा होतात: जॅक्सनची, पँथर आणि येमेनी.

जॅक्सनच्या नरास नाकावर व कपाळावर मिळून तीन शिंगें असतात, त्यामुळें मुलांचें मन प्रथम त्यावरच जातें. ही जात पूर्व आफ्रिकेंतील केनिया व टांझानिया येथील डोंगरांवरची. मादी अंडीं न घालतां जिवंत पिलें देते. स्वभाव इतरांहून मवाळ. पण डोंगरावरचा जीव असल्यामुळें त्यास दिवसां माफक ऊब आणि रात्रीं चांगली थंडी लागते. शिकागोस हिंवाळ्यांत बाहेर बर्फ असलें तरी घर रात्रंदिवस एकसारखें तापविलेलें असतें, आणि ती एकसारखी कोरडी ऊब ह्या जातीस मानवत नाहीं. ज्या घरीं रात्रीं एक खोली थंड ठेवतां येईल तेथें ही जात शोभेल. पहिल्या खेपेस आम्ही ती सुचविणार नाहीं. हवाई बेटांत १९७२ सालीं केनियाहून आणलेले हे सरडे एका दुकानदारानें ताजेतवाने व्हावे म्हणून परसांत सोडले. ते तेथून पसरले आणि आज त्या बेटांवर वस्ती करून राहिले आहेत. कंटाळा आला म्हणून सरडा झाडावर सोडून देण्याचा विचार कोणाच्या मनांत येऊं नये, म्हणून हें सांगून ठेविलें. फ्लॉरिडांत येमेनी जातीनेंही असाच संसार थाटला आहे.

पँथर ही मादागास्करच्या उत्तर व पूर्व किनाऱ्यावरची जात. रंगाच्या बाबतींत तिला तोड नाहीं. आंबिलोबे, नोसी बे, आंबांजा अशा गांवांच्या व बेटांच्या नांवांनीं तिचे पोटभेद ओळखले जातात. एकाचा नर हिरवानिळा, तर दुसऱ्याचा तांबडा पट्टेदार. स्वभाव येमेनीपेक्षां बराच सौम्य. अनुभवी लोकांपैकीं पुष्कळजण नवशिक्यास हीच जात घ्या म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. अडचण दोन प्रकारची. एक तर किंमत येमेनीच्या कित्येक पट. आणि दुसरें, सगळ्या माद्या जवळजवळ सारख्याच फिकट दिसत असल्यामुळें पिलाचें कूळ केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर ठरतें. जो गृहस्थ आईबापांचीं चित्रें, जन्मतारीख आणि टांचण दाखवितो त्याच्याकडूनच घ्यावा.

येमेनी ही अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील, म्हणजे येमेन व त्याला लागून असलेल्या सौदी मुलुखांतील जात. डोक्यावर शिखेसारखा उंच तुरा. हाडाचा असल्यामुळें तो वाकत नाहीं. मोठा नर शेंपटीसह दीड ते दोन फूट भरतो आणि नीट सांभाळल्यास सहा ते आठ वर्षें जगतो. मूळ देशीं दिवसा कडक ऊन आणि रात्रीं गारवा, कांहीं महिने पाऊस आणि कांहीं महिने ओढ. अशा हवेंत वाढलेली असल्यामुळें ही जात इतरांपेक्षां चिवट आहे. नवशिक्याच्या हातून जी थोडीफार हयगय व्हावयाची, ती ही सोसते. आमची शिफारस हिचीच, आणि तींतही नराची. कारण ऐकण्यासारखें आहे. येमेनी मादी नराशीं गांठ न पडतांसुद्धां अंडीं घालते, आणि एका खेपेस वीस-पंचवीसांपासून साठ-सत्तरांपर्यंत. त्यासाठीं खणावयास ओली माती न मिळाली तर अंडीं पोटांत अडकून ती मरते. आणि खाऊं घालण्याच्या उत्साहांत मुलें तिला जितकें अधिक चारतात, तितकीं अंडीं अधिक. बाळंतपणाचें असलें काम अकरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यांत घालूं नये. सुदैवानें ह्या जातींत नर ओळखणें अगदीं सोपें: मागच्या पायाच्या टांचेस मागील बाजूनें एक बारीक नखी असते, ती नराच्या पिलास अंड्यांतून निघाल्यापासूनच दिसते. मादीस ती नसते. पिलूं तीन महिन्यांहून लहान नसावें. करंगळीएवढें पिलूं पाहून माया दाटून येते, पण तेंच एका दिवसाच्या चुकीनें दगावतें.

घेतांना काय पाहावें? डोळे टपोरे आणि सतत फिरते हवेत. खोल गेलेले असतील तर अंगांत पाणी नाहीं. पाय सरळ, पकड घट्ट. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग पडतो तो पांढराच असावा. केशरी असेल तर पुन्हां पाण्याचीच कमतरता. आणि दिवसां डोळे मिटून बसलेला सरडा, मग विकणारा कांहींही सांगो, घरीं आणूं नये.

पिंजरा आधीं आणि सरडा मागाहून, हा नियम सोडूं नये. पूर्ण वाढलेल्या नरास दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असा जाळीचा पिंजरा पाहिजे. उंचीचें महत्त्व फार, कारण तो झाडावरचा जीव. आपल्या डोक्यावर कोणी आहे असें वाटलें कीं त्याची झोंप उडते. पिंजरा मेजावर ठेवून माथा माणसाच्या उंचीच्या वर जाईल असें करावें. आंत खरीं झाडें असावींत. आपल्याकडे दारोदार दिसणारा मनीप्लँट आणि जास्वंद हीं दोन्ही चालतात. येमेनी सरडा त्यांचीं पानें कुरतडतो, तें चिंतेचें कारण नाहीं. पानें खातो म्हणून त्यास शाकाहारी करतां येईल अशी आशा मात्र कोणी बाळगूं नये.

दिवे दोन. एक उबेचा, त्याखालच्या फांदीवर सुमारें २९ ते ३० अंश सेल्सिअस ऊब मिळावी आणि पिंजऱ्याच्या तळाशीं २२ ते २४ अंश असावी, म्हणजे त्यास हवी ती जागा निवडतां येईल. दुसरा नळीचा दिवा, अतिनील किरणांचा. ह्यावर दुकानांत पैसे वांचवूं नयेत. हे किरण अंगावर पडल्यावांचून शरीरांत ड जीवनसत्त्व तयार होत नाहीं, आणि त्यावांचून खाल्लेला चुना हाडांत जात नाहीं. मग मुलांस जसा मुडदूस होतो तसेंच होतें: पायांचीं हाडें वांकतात, जबडा मऊ पडतो, आणि शेवटीं जिभेनें भक्ष्य पकडण्याचेंही त्राण उरत नाहीं. पिंजरा खिडकींत ठेवून ऊन मिळेल असें समजूं नये. ते किरण खिडकीची कांच अडवून धरते. ही नळी पेटत असली तरी तिच्यांतील किरण कमी होत जातात. म्हणून सहा महिने ते वर्षानें बदलावी. बारा तास उजेड आणि रात्रीं पूर्ण अंधार. रात्रीं तांबडा दिवासुद्धां नको.

पाणी वाटींत ठेवून उपयोग नाहीं. सांचलेलें पाणी हें पाणी आहे हें बहुधा त्याच्या ध्यानांतच येत नाहीं. पानांवरील दंव चाटावें ही त्याची जन्मजात रीत. म्हणून सकाळीं दिवा लागण्यापूर्वीं आणि रात्रीं दिवा मालवल्यानंतर बारीक तुषारांनीं झाडें भिजवावीं लागतात, आणि दिवसां वरून थेंब थेंब पाणी सोडावें लागतें. मध्यंतरीं पानें वाळलीं पाहिजेत. सदा ओलें ठेवल्यास छातीचा विकार होतो. शिकागोच्या हिंवाळ्यांत घरांतील हवा इतकी कोरडी असते, कीं रात्रींचा ओलावा विशेष जपावा लागेल. हें सगळें पाणी शेवटीं खालींच येणार. त्यासाठीं तळाशीं मोठी परात व निचऱ्याची सोय आधींच करावी. आमच्या कन्येच्या घरीं पहिल्या महिन्यांत सरड्यानें कोणास त्रास दिला नाहीं, पण लांकडी जमीन फुगली.

आतां सूनबाईंचा मुद्दा. तो टाळून पुढें जाणें अन्यायाचें होईल. सरड्यास जिवंत कीटक लागतात, ह्याला पर्याय नाहीं. ज्या घरांत ही हिंसा मनास पटणारच नाहीं, त्या घरीं सरडा आणूं नये. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. पटणार असेल, तर व्यवस्था वाटते तितकी ओंगळ नाहीं. रातकिडे ओरडतात, उड्या मारून निसटतात आणि त्यांस वासही येतो. म्हणून मुख्य आहार दुबिया नांवाच्या दक्षिण अमेरिकेंतील झुरळाचा ठेवावा. हें झुरळ गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढूं शकत नाहीं, ओरडत नाहीं, आणि सामान्य खोलीच्या थंडाव्यांत वाढतही नाहीं. स्वयंपाकघरांतील झुरळाशीं त्याचें एवढेंच साम्य, कीं नांव एक. महिन्याचा शिधा डब्यांत येतो. तो डबा मोटार ठेवण्याच्या जागेंत किंवा तळघरांत, स्वयंपाकघरापासून दूर, ठेवावा. मधून मधून रेशमाच्या किड्यांची अळी दिल्यास पालट होतो. ह्या कीटकांस देण्यापूर्वीं एक दिवस गाजर, भोपळा, हिरवी पालेभाजी असें भरपूर खाऊं घालावें, कारण त्यांच्या पोटांत जें असेल तेंच सरड्याच्या पोटांत जाणार. आणि देतांना त्यांवर कॅल्शियमची साधी भुकटी भुरभुरावी. जीवनसत्त्वयुक्त भुकटी महिन्यांतून दोनदांच. कीटकाचा आकार सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. पिलास रोज, मोठ्या नरास एक दिवसाआड, तेंही तीन-चार. आजोबा भेटीस गेले म्हणजे लाडानें जास्त देतील, तें होऊं देऊं नये.

सूनबाईंस आमची विनंति एवढीच, कीं एकदम नाहीं म्हणूं नये आणि एकदम होयही म्हणूं नये. पिंजरा, दिवे, झाडें आणि झुरळांचा डबा हें सर्व आधीं आणवावें, आणि सरडा मात्र आणूं नये. सहा आठवडे मुलानें रोज दिवे लावावे, झाडें भिजवावीं, ऊबमापक पाहून आंकडे वहींत लिहावे, डबा साफ करून कीटकांस भाजी घालावी. आईनें एकदांही आठवण करूं नये. नुसती वही पाहावी. सहाव्या आठवड्यासही वहींत आंकडे असतील, तर आजोबांनीं वचन पुरें करावें. नसतील, तर झाडें घरांत राहतील, पिंजरा परत विकतां येईल, आणि कोणाचा जीव गेलेला नसेल. खर्चाच्या मानानेंही हेंच सोयीचें: येमेनी पिलाच्या किंमतीपेक्षां ह्या सरंजामाची किंमत कितीतरी अधिक असते, आणि लोक पिलाच्या किंमतीवरून अंदाज करून फसतात. सरडे पाहणारा पशुवैद्य जवळ आहे किंवा नाहीं, आणि त्या राज्याचे व घरमालकाचे नियम काय आहेत, हीही चौकशी ह्याच सहा आठवड्यांत व्हावी. सरडा आणल्यावर पहिल्या पंधरवड्यांत विष्ठा तपासून घ्यावी, म्हणजे जंत असल्यास कळतील.

मुलास एक गोष्ट आधींच स्पष्ट सांगावी: सरडा कुत्र्यासारखा जवळ येणार नाहीं. कुरवाळलेलें त्यास आवडत नाहीं. फार तर कांहीं महिन्यांनीं हातावरून कीटक घेईल. त्यास सोबतीची हौस नाहीं; एका पिंजऱ्यांत दोन ठेवले तर एक दुसऱ्यास झुरवून मारतो, आणि समोर आरसा असला तरी तो दिवसभर भांडणाच्या आवेशांत राहतो. ज्यास मांडीवर घेण्यास प्राणी हवा असेल, त्यानें मांजर पाळावें. पण ज्यास बसून पाहण्याची गोडी आहे, त्याला सरड्याइतका विषय दुसरा नाहीं. दुर्वास फांदीवरून फांदीवर जातांना पाय उचलून वाऱ्यानें हलणाऱ्या पानासारखा पुढेंमागें झुले आणि मगच टाकी. आमचा नातू तें पाहतांना श्वास रोखून बसे. नाशिकच्या धाकट्या नातवास तर ही मौज फुकट आहे. घोयरा रात्रीं फांदीच्या टोंकाशीं निजतो आणि निजल्यावर फिकट पडतो, त्यामुळें विजेरीच्या उजेडांत तो दिवसापेक्षां लवकर सांपडतो. काकांनीं त्यास बरोबर घेऊन मळ्याच्या कडेनें जावें, दुरून दाखवावा, दिवा फार वेळ धरूं नये आणि परत यावें. साप-विंचवाकरितां पायांत बूट असावे. मळ्यांतील गडीमाणसें त्यास विषारी समजून दगड मारीत असतील, तर तो विषारी नाहीं हें ह्याच मुलानें त्यांस सांगावें.

राहतां राहिली एक अडचण, जी परदेशीं राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरास येते आणि जिचा विचार खरेदीच्या दिवशीं कोणी करीत नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत मंडळी महिनाभर हिंदुस्थानांत येणार. तेव्हां सरड्याचें कोण पाहणार? तुषार सोडणारें यंत्र व दिव्यांचें घड्याळ हीं आपापलें काम करतात, पण झुरळ वेचून देणें आणि सरडा डोळे उघडे ठेवून आहे हें पाहणें यंत्राच्यानें होत नाहीं. आमच्या जांवयांनीं शेजारच्या एका कॉलेजांत जाणाऱ्या मुलास निघण्यापूर्वीं आठवडाभर रोज बोलावून सगळें त्याच्याच हातून करविलें होतें, पशुवैद्याचा पत्ता दिला होता, आणि कामांचा कागद फ्रिजवर चिकटविला होता. त्या कागदावर वार, वेळ, कीटकांची संख्या आणि भुकटीचे दिवस लिहिलेले होते, आणि तळाशीं मोठ्या अक्षरांत: फार दिवस दिसलों नाहीं म्हणून त्याला वाईट वाटणार नाहीं, बाहेर काढून खेळवूं नये.